दप्तर, गुपित आणि आपला प्रश्न

लोकांचा सरकारवरचा विश्वास उडत चालला आहे, अशी तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. वृत्तपत्रांचे अग्रलेख, विद्यापीठांतील चर्चासत्रे, निवृत्त अधिकाऱ्यांची भाषणे, सगळीकडे हाच सूर असतो. ही तक्रार ऐकताना मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की हा विश्वास होता कोणाचा? ज्यांच्या ओसरीवर तलाठी स्वतः येऊन बसतो, ज्यांचा एक भाऊ तहसिलीत आणि मेहुणा पोलीस ठाण्यात असतो, त्यांचा तो होता. गावकुसाबाहेरच्या माणसाने सत्तेवर विश्वास ठेवला, असे म्हणण्यास इतिहासात फारसा आधार नाही. त्याने सत्ता सोसली, तिला भ्याला, प्रसंगी तिच्याकडे दाद मागितली. विश्वास ठेवण्याची चैन त्याला कधी परवडली नाही. तेव्हा ज्याला आज विश्वासाचा ऱ्हास म्हणतात, तो आपल्या दृष्टीने जुनाच अनुभव आहे.

परंतु एवढे म्हणून थांबता येणार नाही. अविश्वास ही एक मनःस्थिती आहे आणि प्रश्न ही एक कृती आहे. या दोहोंची गल्लत आपल्या चळवळीत फार वेळा होते. ‘सगळे चोर आहेत’ हे वाक्य चहाच्या टपरीवर रोज शंभर वेळा बोलले जाते. त्याने एकाही चोराची झोप मोडत नाही. उलट सगळेच चोर म्हटले की कोणा एकाला पकडण्याची जबाबदारी संपते. ‘अमुक तारखेला, अमुक कामावर, अमुक रक्कम कोणाच्या सहीने खर्च झाली?’ असे लेखी विचारले, की मात्र कचेरीत हालचाल सुरू होते. या लेखात मला अविश्वासाचा प्रश्न कसा होतो, आणि तो होऊ नये म्हणून राज्यसंस्था कोणत्या युक्त्या करते, हे मांडावयाचे आहे.

दप्तर कोणाच्या हाती होते?

सरकारी गुप्ततेची चर्चा करताना आपले विचारवंत बहुधा लष्करी रहस्ये, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळाचे कागद येथून सुरुवात करतात. आपल्याला सुरुवात गावच्या दप्तरापासून करावी लागेल. कारण आपल्याशी गुप्तता पाळणारी पहिली संस्था दिल्लीत नव्हती, ती कुलकर्ण्याच्या वाड्यात होती.

जुन्या गावगाड्यात महाराकडे जी कामे होती त्यांत गावच्या शिवेची माहिती ठेवणे हे एक होते. शिवेचा तंटा उद्भवला तर महाराची साक्ष महत्त्वाची मानीत. सरकारचा वसूल तालुक्याला पोचविणे, टपाल नेणे, अधिकाऱ्याला वाट दाखविणे ही कामेही त्याचीच. म्हणजे ज्याच्या पायाखाली सगळे शिवार होते आणि ज्याच्या डोक्यावरून सरकारचा पैसा जात होता, त्याला त्या पैशाचा हिशेब मात्र वाचता येत नव्हता. हिशेब मोडीत, मोडी कुलकर्ण्याच्या हाती, आणि अक्षरओळख धर्माने नाकारलेली. अशा व्यवस्थेत कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारण्याची गरजच नसते. वाचता न येणाऱ्या माणसासमोर उघडी वहीसुद्धा बंदच असते.

महात्मा फुल्यांनी हे मर्म ओळखले होते. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा शोध घेताना बोट ठेवले ते सरकारी कचेऱ्यांतील भटशाहीवर आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बेपर्वाईवर. अविद्येमुळे वित्त जाते, हा त्यांचा सिद्धांत केवळ शाळेपुरता नव्हता. कागद वाचता न येणाऱ्याची जमीन कागदावरच जाते, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या वतनी जमिनींचा पुढचा इतिहास हेच सांगतो. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली, जमिनी कसणाऱ्याला परत देण्याची तरतूद झाली. त्यांपैकी किती जमिनी खरोखर कोणाच्या नावे राहिल्या, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने आपल्या गावचे जुने फेरफार काढून पाहावेत. व्याख्यानांपेक्षा ती नोंदवही अधिक शिकवील.

१९२३ सालचे दोन कागद

१९२३ हे साल येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. त्या वर्षी दोन कागद जन्मास आले.

पहिला कागद म्हणजे शासकीय गुपिते अधिनियम. ब्रिटिशांनी असा कायदा प्रथम १८८९ मध्ये केला होता, कर्झनच्या काळात १९०४ मध्ये तो कडक केला आणि १९२३ मध्ये त्याला आजचे रूप दिले. गंमत अशी, की ज्या कायद्याच्या नावातच गुपित आहे त्यात ‘गुपित’ म्हणजे काय याची व्याख्या नाही. अधिकाऱ्याला जे दडवावेसे वाटेल ते गुपित, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला. परके राज्य गेले, संविधान आले. हा कायदा मात्र आजही पुस्तकात आहे.

दुसरा कागद म्हणजे मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केलेला, सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली ती एका अर्थाने हाच प्रश्न घेऊन गेली: तुमचा ठराव खरा की तुमची वागणूक खरी?

पुढची दहा वर्षे हा झगडा न्यायालयात चालला. तेथे सवर्णांचे म्हणणे रूढीचे होते. फार पूर्वीपासून असेच चालत आले आहे, हे ते सांगत राहिले. त्यावर त्यांना विचारला गेला तो साधा प्रश्न: पुरावा काय? मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा ही पुरातन रूढी त्यांना सिद्ध करता आली नव्हती. ज्या रूढीला हजारो वर्षे कोणी पुरावा मागितला नव्हता, ती पुरावा मागताच उभी राहू शकली नाही. महाडच्या लढ्याचे स्मरण आपण दरवर्षी करतो. त्याची ही कागदोपत्री बाजूही विद्यार्थ्यांपुढे ठेवली पाहिजे.

गुपित कसे तयार होते?

राज्यसंस्था गोष्टी दडविते म्हणजे नेमके काय करते? माझ्या मते तिच्या चार रीती आहेत.

पहिली रीत शिक्क्याची. फाइलवर ‘गोपनीय’ लिहावे की काम झाले. ही सर्वांना ठाऊक असलेली आणि म्हणूनच सर्वांत कमी धोक्याची रीत आहे. शिक्का दिसतो, त्याच्याशी भांडता येते.

दुसरी रीत भाषेची. आदेश मराठीत असतो, पण ‘उपरोक्त संदर्भांकित विषयान्वये’ अशा मराठीत. मोडी गेली आणि तिच्या जागी ही आली. पदवीधर कार्यकर्त्यालाही जो शासन निर्णय दोनदा वाचावा लागतो, तो शेतमजूर बाईने कसा वाचावा?

तिसरी रीत न मोजण्याची. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली तेव्हा अनेक राज्य सरकारांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की आमच्या राज्यात ही प्रथाच नाही. जे मोजलेच नाही ते नाही, असा हा न्याय. कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून संडासांची, टोपल्यांची, माणसांची छायाचित्रे आणि नोंदी गोळा केल्या आणि सरकारची प्रतिज्ञापत्रे खोटी पाडली. २७ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला. १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूंसाठीची ही रक्कम ३० लाख करण्यात आली. येथे एकही फाइल चोरावी लागली नाही. सरकार जे मोजत नव्हते ते आपल्या माणसांनी मोजले.

चौथी रीत अधिकृत हकिगतीची. घटना घडताच सरकार एक गोष्ट सांगते आणि तीच वारंवार सांगते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि १० जण मारले गेले. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, ही पोलिसांची हकिगत होती. वस्तीतील लोकांनी ती पहिल्या दिवसापासून नाकारली. न्या. गुंडेवार आयोगानेही ती मान्य केली नाही, गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी, सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप सुनावली. पुढे अपिलात त्याला जामीन मिळाला. या प्रकरणात न्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण टँकरची गोष्ट इतिहास म्हणून पाठ्यपुस्तकात जाऊ शकली नाही, ती केवळ टँकर कोठे होते आणि माणसे कोठे पडली, हे विचारणारे लोक वस्तीत होते म्हणून.

हजेरीपटापासून कायद्यापर्यंत

माहितीचा अधिकार हा कोणा उदार मंत्र्याने दिला नाही. १९७५ मध्ये राजनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारची सार्वजनिक कृत्ये जाणण्याचा लोकांचा हक्क मान्य केला होता. पण न्यायालयातील तत्त्वाला पाय फुटले ते राजस्थानातील मजुरांमुळे. मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना १९९० मध्ये झाली. दुष्काळी कामावर राबलेल्या मजुरांना पुरती मजुरी मिळत नव्हती आणि कामच कमी केले, असे त्यांना सांगितले जाई. मजुरांनी म्हटले, हजेरीपट दाखवा. हजेरीपट दाखविणे म्हणजे सरकारी गुपित फोडणे, असे उत्तर आले. डिसेंबर १९९४ मध्ये पहिली जनसुनवाई झाली. गावासमोर हजेरीपट वाचून दाखविला गेला आणि कामावर कधी न गेलेल्यांची नावे त्यात निघाली. १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवस धरणे झाले.

आपल्या महाराष्ट्राला हजेरीपट काही परका नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या पिढीला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ मध्ये केला, आणि देशासाठीचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ ने १९२३ च्या गुपिते कायद्यावर मात केली: दोहोंत विरोध आला तर माहितीचा कायदा वरचढ.

या कायद्यातील काही गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असल्या पाहिजेत. माहिती का हवी, हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस तेही नाही. उत्तर ३० दिवसांत, आणि कोणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी अर्ज लिहून घेण्यास मदत करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या कचेरीने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसाला पायरीवर उभे केले, तिच्या अधिकाऱ्याने आता त्याचा प्रश्न स्वतःच्या टेबलावर लिहून घ्यावयाचा आहे.

काय विचारावे?

गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना असे अर्ज लिहिण्यास मदत करीत आलो आहे. पहिला अर्ज बहुधा असा येतो: ‘आमच्या वस्तीवर अन्याय का होतो?’ प्रश्न खरा आहे. पण त्याला ‘सदर बाब माहिती या व्याख्येत येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर मिळते आणि अर्जदार हताश होतो. तोच प्रश्न असा विचारावा: आपल्या ग्रामपंचायतीस मागील दोन आर्थिक वर्षांत दलित वस्तीच्या कामांसाठी किती रक्कम मिळाली, ती कोणत्या कामांवर खर्च झाली, त्या कामांच्या मोजमाप पुस्तिकेच्या आणि देयकांच्या प्रती द्याव्यात. या प्रश्नातून पळवाट नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एक अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण अत्याचारांचे. ॲट्रॉसिटी कायद्याखालील १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेटलेच पाहिजे, आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीने वर्षातून दोनदा. तुमच्या जिल्ह्याची समिती गेल्या तीन वर्षांत किती वेळा भेटली? इतिवृत्ताच्या प्रती मागा. हा अर्ज मोर्चाच्या आधी केला तर मोर्च्याच्या भाषणात नुसता संताप राहणार नाही, तारखाही येतील.

तिसरे उदाहरण पैशाचे. अनुसूचित जाती उपयोजना म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्यासाठी राखलेला निधी. २०१० मध्ये माहितीच्या अधिकारातूनच बाहेर आले, की दिल्ली सरकारने या निधीतील सुमारे ७४४ कोटी रुपये राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांशी संबंधित कामांकडे वळविले होते. केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत ही चूक मान्य करावी लागली. हा निधी कोणत्याही कुलुपात नव्हता. अर्थसंकल्पात तो छापलेला होता. कोणी विचारले नव्हते, एवढेच.

विद्यार्थ्यांसाठी सर्वांत जवळचा प्रश्न शिष्यवृत्तीचा. महाविद्यालय म्हणते, समाजकल्याण खात्याकडून रक्कम आली नाही. खाते म्हणते, महाविद्यालयाने अर्ज पाठविले नाहीत. दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी अर्ज टाका आणि फक्त जावक-आवकच्या तारखा मागा. दोघांपैकी खोटे कोण बोलते ते तारखा सांगतील.

दार पुन्हा लोटले जात आहे

हे सर्व लिहिताना या अधिकाराची आजची अवस्था झाकून ठेवणे योग्य होणार नाही. प्रश्न विचारण्याची किंमत जिवाने मोजावी लागली आहे. जमिनींचे व्यवहार उघडे करणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. ज्याने सरकारला जाब विचारावयाचा त्याची भाकर सरकारच्याच हाती गेली.

त्याहून मोठा घाव २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने खाजगीपणावर अकारण आक्रमण होते, हे अधिकाऱ्याला दाखवावे लागे. या कायद्याने तो निकष काढून टाकला. नोव्हेंबर २०२५ पासून ही दुरुस्ती अमलात आली आहे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द नकारास पुरतात. याचा अर्थ काय? हजेरीपटावर नावे असतात, आणि नाव वैयक्तिक असते. राखीव जागेवर कोण लागला, त्याचे जातप्रमाणपत्र कोणत्या समितीने तपासले, हेही वैयक्तिक! बनावट जातप्रमाणपत्रावर मिळविलेली नोकरी टिकू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. पण बनावट प्रमाणपत्र हुडकून काढण्याचा रस्ताच बंद झाला तर त्या निकालाचे करावयाचे काय?

खाजगीपणाचा हक्क मी कमी लेखत नाही. आपल्या आयाबहिणींच्या खाजगी आयुष्यावर गावाने किती अतिक्रमण केले आहे हे आपण जाणतो. परंतु पीडित बाईचे नाव झाकणे आणि कंत्राटदाराचे नाव झाकणे या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देता येते, ही तरतूद कलम ८(२) मध्ये अजून शिल्लक आहे. पुढचे अर्ज तिच्या आधाराने, सार्वजनिक हित स्पष्ट मांडून लिहावे लागतील. कारण सांगण्याचे बंधन नाही, हे खरे. पण दार लोटले जात असताना फटीत पाय घालावाच लागतो. आणि असा पाय रोवता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, ती मतदाराच्या जाणून घेण्याच्या हक्काचाच आधार घेऊन.

प्रश्नाचे तोंड आपल्याकडेही

एक गोष्ट मात्र बोलल्यावाचून राहवत नाही. आपण सरकारला हिशेब मागतो. आपल्या संस्थांना, संघटनांना, जयंती मंडळांना मागतो का? वर्गणीची पावती मागणाऱ्या पोराला ‘तू चळवळीचा शत्रू’ असे म्हणणारे पुढारी आपल्यात नाहीत असे कोणी म्हणू शकेल काय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेचा धोका स्पष्टपणे सांगितला होता. त्यांनी स्वीकारलेल्या धम्मातही केसपुत्ताच्या कालामांना बुद्धाने जो उपदेश केला, त्याचा गाभा हाच आहे: परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू बोलला म्हणून मानू नका, तपासून घ्या. ज्याने देवाला प्रश्न विचारला त्याने अध्यक्षाला विचारण्यास का कचरावे?

प्रश्न विचारणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. आलेले उत्तर वाचले पाहिजे आणि ते आपल्या समजुतीविरुद्ध असले तरी मानले पाहिजे. आपली शंका खोटी ठरली तर वस्तीसमोर तसे सांगितले पाहिजे. आज अफवा क्षणात पसरते आणि तिच्यावर तारीख नसते, सही नसते. सत्तेला अशा अफवांचे भय नाही. एका अफवेकडे बोट दाखवून ती शंभर खऱ्या प्रश्नांना अफवा ठरविते. म्हणून आपला प्रश्न तारखेचा, सहीचा आणि पोच घेतलेला असला पाहिजे.

माझी शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना एवढीच सूचना आहे. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवावी. केलेला अर्ज, त्याची तारीख, आलेले उत्तर, न आलेले उत्तर आणि केलेले अपील तिच्यात लिहावे. दर महिन्याला ती वही वस्तीसमोर मोठ्याने वाचावी आणि ज्याला मागील त्याला पाहू द्यावी. गावचे दप्तर शतकानुशतके एका घरात बंद होते. वस्तीचे हे दप्तर विहारात, सर्वांच्या हाताला लागेल असे राहो.